कन्नौदचा घाट आणि जुन्या मोटारी

माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांपैकी एक कन्नौद गावावरून जाते. इंदूर सोडून पूर्वेस निघावे, डबल चौकी व चापडा ही गावे मागे टाकावी, सागाच्या रानातून घाट उतरावा, म्हणजे शंभरएक किलोमीटरवर कन्नौद लागते. पुढे खातेगाव, त्याच्या पुढे नेमावर, आणि नेमावरच्या पायथ्याशी नर्मदेचे विशाल पात्र. पैलतीरी हंडिया. ह्या वाटेस आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ असे रुक्ष नाव आहे. हरदा, बैतूल करीत ती थेट आपल्या नागपुरास येऊन मिळते.

कन्नौद हे देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. काळी जमीन, सोयाबीन, गहू व हरभरा ही पिके, आणि भोवती विंध्याच्या उतरणीचे रान. मराठी वाचकांस हा मुलूख अगदीच परका नाही. देवास व धार ही पवारांची संस्थाने होती, तर कन्नौद होळकरांच्या नेमावर जिल्ह्यात मोडत असे. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव ह्या प्रांतात अजून आदराने घेतले जाते, त्यांचा जन्म आपल्याच चौंडी गावचा. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली व १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात गेला. तथापि इंदुरात, देवासात आणि धारेत मराठी घरे टिकून आहेत. तेथे पोहे-जिलेबीचा नाश्ता माळव्याचा असला तरी स्वयंपाकघरातील भाषा मराठीच असते.

काही कामानिमित्त आम्ही इंदुरास गेलो असता अशाच एका मराठी घरी उतरलो होतो. शनिवार होता. घराच्या मागल्या अंगणात पाहतो तो काय, चार जुन्या मोटारी ओळीने उभ्या, आणि त्यांच्याभोवती बाह्या सरसावलेली आठदहा माणसे! कोणी वकील, कोणी दुकानदार, कोणी प्राध्यापक. हात मात्र सर्वांचे ग्रीसने माखलेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, ह्या चारही गाड्या कन्नौदवरून नेमावरपर्यंत नेऊन संध्याकाळी परत आणण्याचा त्यांचा बेत होता. “फादर, आपणही चला,” असा आग्रह झाला, आणि रविवारच्या उपासनेची सोय झाल्यावर आम्ही होकार दिला.

इंदुरास मोटारींचे वेड नवे नाही. तेथील शेवटचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर, दुसरे, ह्यांचा त्याबाबत जगात लौकिक होता. त्यांनी अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कारखान्याकडून यंत्रासह सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांकडून त्यावर दोन आसनांची देखणी गाडी बांधवून घेतली. नारिंगी आणि काळा असे तिचे रंग होते. ही १९३५-३६ सालची गोष्ट. पुढे १९३७ साली तो अमेरिकन कारखानाच बंद पडला. महाराजांची ती गाडीही कालांतराने परदेशी गेली. राज्य गेले, गाडी गेली, परंतु गावोगावच्या वृद्धांनी आपल्या मुलांस सांगितलेल्या गोष्टी मागे राहिल्या.

अंगणातील गाड्या अर्थातच राजेशाही नव्हत्या. एक फियाट, एक युद्धकाळच्या बनावटीची जीप, आणि एक स्टँडर्ड हेराल्ड. ही हेराल्ड १९६१ पासून मद्रासेस बनू लागली होती. तिचे सबंध नाक पुढच्या बाजूस कलंडते व यंत्र उघडे पडते, तेव्हा लहान मुलांस मोठी गंमत वाटते. चौथी गाडी मात्र सर्वांचे डोळे वेधून घेत होती. ती होती एम. जी. टी. सी. जातीची, दोन आसनांची, लाल रंगाची शर्यती वळणाची गाडी. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस ह्या नावाची आद्याक्षरे एम. जी. ह्यांत आली आहेत. १९४५ ते १९४९ ह्या काळात इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा, सायकलीसारख्या आऱ्यांची उंच चाके, दुमडता येणारे कापडी छत, आणि यंत्र अवघे साडेबाराशे घनसेंटिमीटरचे. आजच्या साध्या कुटुंबवत्सल मोटारीएवढेच म्हणा ना.

ह्या गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त अभियंता होते. त्यांचे वडील होळकरांच्या अमदानीत कन्नौदला महसूल खात्यात कारकून होते. लहानपणी वडिलांनी त्यांस सांगितले होते की, एकदा महाराजांची मोटार ह्या रस्त्याने गेली, तेव्हा कचेरीतील सारी मंडळी धूळ खात रस्त्याच्या कडेस उभी होती. वडील जन्मभर पायी आणि बैलगाडीने हिंडले. मुलाने पुढे स्वतःच्या पगारातून पैसा पैसा साठवून ही जुनी गाडी मोडकळीस आलेल्या स्थितीत विकत घेतली आणि कित्येक वर्षे खपून ती उभी केली. ती एकदा तरी कन्नौदला न्यावी, वडिलांच्या कचेरीपुढे उभी करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. डोळे अधू होत चालले होते. पुढच्या वर्षी हाती चाक घेता येईल की नाही, ह्याची त्यांस शंका होती.

शनिवारचे काम कसे चालते, हे वाचकांस सांगण्याजोगे आहे. प्रथम रेडिएटरचे पाणी व यंत्राचे तेल पाहतात. मग प्लग काढून घासतात. डिस्ट्रिब्यूटरमधील दोन टाचण्यांएवढ्या पॉइंटांमधील फट पातळ पत्रीने मोजतात. ती केसभर चुकली तरी यंत्र अडखळते. जुन्या गाडीच्या सांध्यासांध्यांत ग्रीस भरण्याच्या लहान लहान बोंड्या असतात. नवीन गाड्यांत त्या बहुधा दिसत नाहीत. एकेका बोंडीस पंप लावून जुने काळे ग्रीस बाहेर येईतो नवे भरावे लागते. आऱ्यांच्या चाकाची परीक्षा तर कानाने होते. पान्याने एकेक आरी हलकेच ठोकावी. ताठ आरी खणखणते, ढिली आरी बद्द वाजते. आम्हांस आमच्या ख्रिस्तमंदिराची घंटा आठवली. तीही तडकली की तिचा नाद प्रथम कानासच कळतो.

सरकारनेही अशा गाड्यांसाठी आता स्वतंत्र नियम केले आहेत. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या खुणेपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामास अथवा धंद्यास वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला रस्त्यावर येण्याची मुभा आहे. म्हणजे सहा दिवस झाकून ठेवायची आणि सुटीच्या दिवशी बाहेर काढायची, हे ह्या गाड्यांचे जिणे कायद्यानेच ठरवून दिले आहे म्हणायचे!

मंडळीत वसईकडचे एक कॅथलिक गृहस्थ होते. नोकरीनिमित्त ते इंदुरास स्थायिक झाले आहेत. त्यांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, “फादर, उद्या पहाटे निघायचे, रात्री परत यायचे. मिस्सा चुकेल. आणि रविवारी पाना हाती धरणे हे पाप तर नव्हे?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर येथे सर्वांसाठी देतो. पवित्र सभेच्या १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेनुसार आदल्या दिवशी सायंकाळी होणाऱ्या मिस्सेत भाग घेतला तरी रविवारचे कर्तव्य पार पडते. विश्रांतीविषयी म्हणावयाचे तर परमेश्वराच्या उपासनेत, प्रभुदिनाच्या आनंदात आणि मनाच्या व शरीराच्या विसाव्यात जे काम आड येते, ते टाळावे अशी आज्ञा आहे. वकिलास पाना हा विसावा होऊ शकेल. रोज गॅरेजात राबणाऱ्या मिस्त्रीस तो होणार नाही. म्हणूनच आपल्या छंदासाठी रविवारी गरीब मिस्त्रीस उठवून आणणे गैर होय. त्या सायंकाळी ते गृहस्थ आमच्यासमवेत संत फ्रान्सिसच्या कॅथीड्रलमध्ये मिस्सेस आले. दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या आधी, उजाडण्यापूर्वी, आम्ही आमची मिस्सा अर्पण केली.

मिस्सेहून परतलो तो अंगणातील हसणे-बोलणे थांबलेले. शेवटची तपासणी म्हणून लाल गाडीचे मागचे चाक काढले होते, आणि ब्रेकच्या सिलिंडरमधून तेल पाझरताना दिसले होते. आतील रबरी वाटी झिजली होती. तसली वाटी रात्रीत मिळणे शक्य नव्हते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की, त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीमार्गाने फिरते. एका चाकाशी गळती वाढली की पायाखालचा दांडा एकाएकी तळास जातो, आणि चारही चाके मोकळी होतात. नवीन गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात. येथे तो आधार नाही.

एक तरुण म्हणाला, “हातब्रेक चांगला आहे. घाटात गिअरवर उतरवू. रविवारी पहाटे रस्ता मोकळाच असतो.” दुसऱ्याने त्यास दुजोरा दिला. वृद्ध अभियंत्यांचा नातू तर अगदी रडकुंडीस आला होता. तो म्हणाला, “आजोबा, एवढे दिवस तुम्ही वाट पाहिली. थोडेच तर गळते आहे!”

आजोबांनी हात पुसले आणि शांतपणे म्हटले, “गाडी माझी आहे बाळ, रस्ता माझा नाही. घाटाखाली कोणाचे पोर शेळ्या हाकीत आडवे आले, तर त्यास मी काय सांगू? थोडेच गळत होते म्हणून?”

एवढे बोलून त्यांनी गाडीवर कापड ओढले. पुढे कोणी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा आम्ही पाहिला होता. त्या कापडाखाली काय झाकले गेले, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकास ठाऊक होते.

रविवारी पहाटे तीनच गाड्या निघाल्या. आजोबा हेराल्डमध्ये मागल्या आसनावर, नातवाशेजारी बसले, आम्ही पुढे. थंड हवेत यंत्रे खूष होती. चापड्यास बागलीकडे जाणारा फाटा लागतो. त्याच बागलीच्या परिसरात उदयनगर आहे. वाचकहो, ह्या नावापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मरिया तेथे गरीब आदिवासींमध्ये राहून, सावकारी पाशातून त्यांस सोडविण्यासाठी झटत होत्या. १९९५ सालच्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस इंदुरास जाणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांदेखत, त्यांच्यावर सुऱ्याचे वार करण्यात आले आणि रस्त्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांचे वय तेव्हा अवघे ४१ होते. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, तीही संन्यासिनी, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हातास राखी बांधली. तो मनुष्य पश्चात्तापाने बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मरिया ह्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. ह्या मुलखातील रस्त्यांनी अशी एक साक्ष पाहिली आहे. आम्ही चालत्या गाडीत जपमाळेचे एक दशक म्हटले. आजोबा हिंदू, तेही हात जोडून बसले होते.

पुढे धनतालाबचा घाट आला. दोहो बाजूंस साग, वळणावर वळण, आणि मालमोटारींची रांग. एका वळणापलीकडे खरोखरच शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला होता. राखणारी मुलगी आठनऊ वर्षांची असेल. हेराल्ड चालविणाऱ्या प्राध्यापकांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, शेळ्या गेल्या, मुलगी हसली. घडले एवढेच. मागल्या आसनावरील नातू मात्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आजोबांचा हात धरला.

कन्नौदच्या बाजारात गाड्या उभ्या राहताच गर्दी जमली. जीप ओळखीची म्हणून तिच्याकडे कोणी पाहीना. सारी मुले हेराल्डचे उघडे नाक पाहण्यास लोटली. चहा झाला. आजोबा नातवास घेऊन पायीच निघाले, आणि जेथे वडिलांची कचेरी असल्याचे त्यांनी ऐकले होते, त्या भागात हिंडून आले. “वडील पायीच हिंडत असत. मीही पायीच आलो. बरे झाले,” एवढेच ते म्हणाले. त्यांत कडवटपणा नव्हता. दुःख मात्र होते, आणि ते लपविण्याचा त्यांनी यत्न केला नाही. दुपारी नेमावरला नर्मदेच्या काठी भाकरी सोडली. तेथील सिद्धेश्वराच्या प्राचीन मंदिराचे दगडी कोरीव काम पाहिले. परिक्रमेचे यात्रेकरू काठी टेकीत चालले होते. त्यांस ना तेल लागते, ना ग्रीस! दिवस मावळण्याच्या आत आम्ही घाट चढून परत आलो.

आता थोडे आपल्याविषयी. जुन्या शर्यती गाड्या हा शहरच्या हौशी लोकांचा विषय. आपल्या गावच्या कुटुंबांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या गावांत दुचाकी, टेम्पो, ट्रॅक्टर घरोघर आले आहेत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस किंवा वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सणास माणसांनी खच्चून भरलेली वाहने आपण पाहतो. ट्रॉलीत आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे घर बसलेले असते. भजने चालू असतात. त्या ट्रॉलीची चाके आदल्या शनिवारी कोणी तपासली होती काय? त्या माणसांनी हौशेच्या गाडीसाठी जेवढी काळजी घेतली, तेवढी आपण आपल्या लेकराबाळांसाठी घेतो काय?

पवित्र सभा ह्या गोष्टीस क्षुल्लक मानीत नाही. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या अनावर हौसेपायी जो स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो, त्यास गंभीर दोष लागतो, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ सांगतो. ही ‘खून करू नको’ ह्या पाचव्या आज्ञेखालची शिकवण आहे. २००७ सालच्या जूनमध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील लोकांच्या आत्मिक सेवेविषयी एक मार्गदर्शक पत्रकच काढले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. मोटार हे सत्ता गाजविण्याचे साधन करू नये, दुबळ्या वाटसरूस सांभाळावे, अपघातग्रस्तास मदत करावी, जो चालविण्याच्या स्थितीत नाही त्यास प्रेमाने थांबवावे, असा त्यांतील काहींचा आशय आहे. ही शेवटची गोष्ट स्वतःस लागू करणे सर्वांत कठीण. ती आम्ही त्या अंगणात घडताना पाहिली.

आणखी एक उदाहरण देऊ. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे ह्यांचे एक मित्र आफ्रिकेत मिशनकार्य करीत असता, वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे १९२५ साली वारले. गाडी असती तर ते वाचले असते. ह्या दुःखातून फादर शुल्टे ह्यांनी १९२७ साली मिशनऱ्यांस वाहने पुरविणारी ‘मिवा’ ही संस्था काढली. तिच्या ऑस्ट्रियातील शाखेची एक सुंदर प्रथा आहे. संत ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमारास, विनाअपघात पार पडलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे एक दशांश सेंट एवढे अल्प दान द्यावे, असे चालकांस आवाहन करतात. त्यातून दूरदूरच्या देशांतील मिशनांस वाहने मिळतात. सुखरूप घरी पोचल्याबद्दल परमेश्वराचे आभार मानण्याची किती साधी रीत!

संत ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा कैवारी. त्याचा सण २५ जुलै. परंपरा सांगते की, खांद्यावर बाळ येशूला घेऊन तो नदी पार झाला. आमची सूचना अशी की, त्या आठवड्यात प्रत्येक धर्मग्रामात वाहनांस आशीर्वाद देण्याचा विधी व्हावा; परंतु आधी शनिवारी दुपारी गावातील जाणत्या मिस्त्रीस सन्मानाने बोलावून, त्याचा मेहनताना देऊन, सर्व वाहनांचे ब्रेक, दिवे, टायर आणि ट्रॉलीचा जोड तपासून घ्यावा. ज्याचे वाहन सदोष निघेल, त्याने ते घरी ठेवावे आणि दुसऱ्याच्या वाहनातून यात्रेस जावे. त्यात कमीपणा नाही.

इंदूरच्या त्या गृहस्थांचे आम्हांस अलीकडेच पत्र आले. ब्रेकची रबरी वाटी इंग्लंडहून मागविली, ती बसली, आणि गाडी अंगणात दोन वेळा पुढेमागे करून पाहिली. डोळ्यांचे काम मात्र डॉक्टरांकडे आहे. नातवाने वाहन चालविण्याचा परवाना काढण्यासाठी अर्ज केला आहे. पावसाळा संपला की घाट उतरण्याचा बेत आहे. चाक नातवाच्या हाती, आणि आजोबा शेजारी. त्यांच्यासाठी आणि रस्त्यावर पोटासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या सर्व चालकांसाठी येत्या रविवारी आपल्या प्रार्थनेत एक ‘नमो मरिया’ म्हणावे, ही विनंती.